शक्यतो

पाळणाघराच्या मागच्या दारावर एक पाटी लावली होती. पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर निळ्या स्केचपेननं लिहिलेलं, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी: ‘मुलांना शक्यतो या दाराने बाहेर सोडू नये.’ बाई नातीच्या सँडलचा पट्टा लावायला खाली वाकल्या होत्या आणि मान वर करताना पाटी नेमकी डोळ्यांसमोर आली. त्यांचा हात पट्ट्यावरच थांबला. सबंध वाक्यात त्यांना एकच शब्द दिसला, बाकीचे नुसते त्याला टेकू द्यायला उभे. परक्या गल्लीत अवचित कुणी आपल्याला नावानं हाक मारावी तसं झालं, आणि त्यात खोटं काही नव्हतं, कारण कचेरीत त्यांच्या पाठीमागं त्यांना याच नावानं ओळखत. शक्यतोबाई. शहराच्या नियोजन खात्यात त्या तीस वर्षं मसुदे लिहीत होत्या. शहरानं काय करायचं आणि काय करायचं नाही याचे कायदे, नियम, पोटनियम शेवटी त्यांच्या पेनातून कागदावर उतरत, आणि हे पेन कुठं कचरतं ते शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होतं. एरवी लेकच चिऊला न्यायला यायची. आज तिची मीटिंग लांबली म्हणून बाई पहिल्यांदाच इथं आल्या होत्या.

“या दारामागं काय आहे हो?” त्यांनी विचारलं. पाळणाघर चालवणाऱ्या काकू हसतमुख होत्या. मुलांची नाकं पुसता पुसता त्या म्हणाल्या, “काही नाही हो, ओढा आहे. म्हणजे आता गटारच म्हणायचं. गेल्या वर्षी जरा आत आलं पाणी. फार नाही, गुडघ्याएवढं. तासाभरात ओसरलंसुद्धा.” बाईंनी भिंतीकडे पाहिलं. फिक्या पिवळ्या रंगावर हत्ती, ससे, फुगे रंगवलेले, आणि हत्तीच्या पोटावरून एक पुसट तपकिरी रेघ गेलेली. रंगाचे दोन हात देऊनही ती वर आली होती. गुडघ्याएवढं पाणी काकूंच्या गुडघ्याएवढं होतं. चिऊ रेघेपाशी उभी होती आणि रेघ तिच्या पोटावर येत होती. “मुलं कुठं होती तेव्हा?” बाईंनी विचारलं. आवाज साधा ठेवायला त्यांना कष्ट पडले. “झोपली होती की. दुपारची वेळ ना. गाद्या भिजायला लागल्या तेव्हा कळलं. मग मी आणि आमची मावशी, दोघींनी उचलून उचलून सगळी टेबलांवर ठेवली. त्यांना मेली गंमतच वाटली.” काकू पुन्हा हसल्या. बाईंनी मनात मुलं मोजली. बावीस. दोन बायका, चार हात, बावीस मुलं. त्यांनी मागचं दार उघडून बघू का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता कडी काढली. दारापासून काठापर्यंत चालत गेल्या. अकरा पावलं. बाईंची पावलं आताशा आखूड पडतात, म्हणजे सहा मीटर, ओढूनताणून सात. खाली काळं पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं, कडेच्या प्लास्टिकला चाटत हळू चाललेलं. त्या गरीब पाण्याकडे बघताना बाईंना नियम आठवला. नियमात वीस मीटर होते. नियम क्रमांक चौदा. वीस मीटरच्या आत बांधकामास शक्यतो परवानगी देऊ नये.

घरी परतताना चिऊ त्यांच्या बोटाला धरून उड्या मारत होती आणि बाई दहा वर्षं मागं चालत होत्या. कायदा नवा करायचा ठरला तेव्हा केवढा उत्साह होता कचेरीत. पहिलं प्रकरण उद्दिष्टांचं. त्याला तीन महिने लागले, पण ते दिवस सणासारखे गेले. पंधरा वर्षांत शहरातला प्रत्येक ओढा मोकळा वाहील. दर माणसामागं इतकी सावली. दर मुलाला चालत जाता येईल इतक्या अंतरावर हिरवळ. तज्ज्ञ येत, नकाशे उलगडत, चहा पीत, आणि बाई वाक्य लिहून वाचून दाखवत तेव्हा लोक माना डोलवत. उद्दिष्टं लिहिताना कुणाच्या खिशाला चाट बसत नाही, कुणाची भिंत पडत नाही. तिथं सगळी क्रियापदं भविष्यकाळात, ‘वाहील’, ‘मिळेल’, ‘राहील’, ऐकणाऱ्याला गार वाटावं अशी. मग आलं सातवं प्रकरण, अंमलबजावणीचं, आणि तज्ज्ञांना एकाएकी दुसरी कामं निघाली. ओढा मोकळा वाहायचा तर त्याच्या अंगावर बांधलेलं कुणाचं तरी काढावं लागतं, निदान नवं बांधू द्यायचं नसतं, आणि तो कुणीतरी मतदार असतो, भाऊबंद असतो, कुणाचा तरी मेव्हणा असतो. मूळ मसुद्यात बाईंनी लिहिलं होतं: ‘काठापासून वीस मीटरच्या आत नवीन बांधकामास वा जुन्याच्या दुरुस्तीस परवानगी देऊ नये.’ स्वच्छ वाक्य. ते लिहून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं होतं, इतकं ते पुरं झालं होतं.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला होता. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर बाईंची फी त्यानं भरली, स्वतःचं शिक्षण सोडून. त्याच्या घराची मागची भिंत खचली होती. घर ओढ्यापासून आठ मीटरवर, आणि दुरुस्तीचा अर्ज बाईंच्याच कचेरीत पडून. “काही मागत नाही मी तुझ्याकडे,” दादा म्हणाला होता. “नुसतं सांग, मिळेल ना परवानगी? नाहीतर आम्ही भाड्याचं बघतो कुठंतरी.” भाड्याचं बघतो असं तो म्हणाला तेव्हा मागं वहिनी भांडी आपटत होती. बाईंनी त्याला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मसुदा जायच्या तासभर आधी, त्यांनी टोपण काढलं आणि ‘परवानगी’च्या डोक्यावर कावळ्याच्या पायाची खूण करून एक शब्द लिहिला. एका भिंतीपुरता. साहेब तेव्हा उपप्रमुख होते, अजून केस काळे होते त्यांचे. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, “वा. आता कसा कायदा माणसासारखा बोलायला लागला.” दादाची भिंत झाली, पण पुढं इतर मसुद्यांतही बाईंचं पेन त्याच शब्दाशी जाऊ लागलं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, तसं त्या शब्दाचं झालं. वर्षभरात फायलींतून तो बाईंना भेटायला लागला. ‘नियम चौदामधील “शक्यतो” या शब्दाचा साकल्याने विचार करता, प्रस्तुत प्रकरणी परवानगी देणे उचित होईल.’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांना चक्क कौतुक वाटलं होतं, आपलं लिहिलेलं कुणी इतकं बारकाईनं वाचतं म्हणून. मग अशी वाक्यं चाळीस झाली, दीडशे झाली, आणि बाईंनी ती मोजायचं सोडून दिलं. त्यातल्याच कुठल्या तरी एका फायलीत पिवळ्या भिंतीची ही इमारत होती. तिच्या टिपणावर बाईंची आद्याक्षरं असणार. त्यांना ती फाईल आठवत नव्हती, आणि आठवत नाही याचीच जास्त भीती वाटत होती.

लेक रात्रीच्या जेवणाआधी चिऊला न्यायला आली तेव्हा बाईंनी विषय काढला. “ते पाळणाघर,” त्या म्हणाल्या, “जरा ओल आहे का गं तिथं?” लेकीनं बूटसुद्धा काढले नव्हते. “आई, आता तू सुरू करू नकोस. चार महिने रांगेत होते मी त्या जागेसाठी. तिथं नाही ठेवलं तर मला नोकरी सोडावी लागेल, माहितीये ना? आणि अख्खी सोसायटी ठेवते तिथं मुलं.” मग जरा मऊ होऊन म्हणाली, “परवानगीबिरवानगी सगळं बघितलंय मी. तुझ्याच खात्याचा शिक्का आहे.” तेवढ्यात चिऊ जेवणाच्या टेबलावर चढून मांडी घालून बसली आणि ओरडली, “पाणी आलं, पाणी आलं, सगळे वर बसा.” “हे काय नवीन?” लेक म्हणाली. “आम्ही खेळतो,” चिऊ म्हणाली. “काकू टाळी वाजवते. जो शेवटी चढेल तो बुडाला.” लेक हसली. चांगल्या सवयी लावतात हो, असं काहीतरी म्हणाली आणि पोरीला काखोटीला मारून जिना उतरून गेली. सांगायचं तर काय सांगायचं होतं, बाईंनी त्या रिकाम्या टेबलाला विचारलं. शिक्का माझा आहे म्हणूनच विश्वास ठेवू नकोस, हे? तुला कसं माहीत, असं लेक विचारणार, आणि मग मामाची भिंत निघणार, दहा वर्षं निघणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात; बाईंच्या मनात त्या रात्रीपासून पाणी होतं. नळ गळला तरी त्या उठून बसत.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर कायद्याच्या दशवार्षिक आढाव्याचा मसुदा होता. योगायोग वगैरे काही नाही, तो दोन महिने तिथंच होता. दहा वर्षांनी एकदा कायदा उसवून पुन्हा शिवायचा, असं कायद्यातच लिहिलेलं. उद्दिष्टांचं प्रकरण तसंच ठेवायचं, फक्त ‘पंधरा वर्षांत’च्या जागी ‘पंचवीस वर्षांत’, हे साहेबांनी केव्हाच सांगितलं होतं. बाईंनी सातवं प्रकरण उघडलं. नियम चौदा. त्या शब्दाकडे त्या किती वेळ पाहत बसल्या कुणास ठाऊक. तो खोडला तर दादाचं काय हे त्यांना नीट माहीत होतं. गेल्याच महिन्यात तो उत्साहानं सांगत होता, मागच्या खोलीवर मजला चढवतोय, नातवंडांना जागा हवी. अर्ज याच कचेरीत. दादा सत्तरीला आला होता, वहिनीला जिना चढवत नव्हता, आणि आयुष्यात त्यानं बहिणीकडे तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. बाईंना त्याचा पोरसवदा चेहरा आठवला, कॉलेज सोडलेल्या दिवसाचा. मला नाहीतरी गणित येत नव्हतं, म्हणाला होता. मग त्यांना ती रेघ दिसली, हत्तीच्या पोटावरची. आठ मीटर म्हणजे तरी काय सुखाची जागा होती? नातवंडं तिथंही झोपणार होती. दादावर आपण उपकार केला की त्याला पाण्याच्या तोंडी बसवून ठेवलं, हा प्रश्न त्यांना दहा वर्षांत एकदाही पडला नव्हता. त्यांनी लाल पेन घेतलं आणि शब्दावर आडवी रेघ मारली. एकदा मारून भागेना, दुसऱ्यांदा मारली. रेघ सरळ आली. मग त्यांनी दादाला फोन लावला आणि मजल्याचं थांबव म्हणाल्या. “का गं?” दादानं विचारलं. “परवानगी मिळणार नाही.” “बरं,” दादा म्हणाला. “तू म्हणतेस म्हणजे काही असेल.” मग त्यानं फोन ठेवला. बाई प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुऊन आल्या.

बुधवारी टायपिस्टनं स्वच्छ प्रत आणून दिली. ही टायपिस्ट बाईंच्या हाताखाली अकरा वर्षं होती. दोन मुलांची आई, कामाला वाघीण, बाईंचं अक्षर फक्त तिलाच लागे. दोनशे बारा पानं. बाईंनी ती रिवाजाप्रमाणं तीनदा वाचली, एकदा डोळ्यांनी, एकदा बोट ठेवून, एकदा पुटपुटत, आणि प्रत्येक पानाच्या खाली आद्याक्षरं केली. सातव्या प्रकरणाशी त्यांनी मुद्दाम श्वास घेतला. वाक्य वाचलं. बरोबर वाटलं. कानाला ओळखीचं, पुरं. किती वर्षांनी त्यांना आपल्या वाक्याबद्दल असं वाटलं. गुरुवारी साहेबांची सही झाली आणि प्रत वर गेली. त्या दिवशी बाईंनी नीट जेवण केलं आणि बसमध्ये त्यांचा डोळासुद्धा लागला.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला बांधीव प्रती आल्या, हिरव्या पुठ्ठ्याच्या, डिंकाचा वास अजून ओला. बाईंनी लेकीला दाखवण्यासाठी म्हणून एक पर्समध्ये टाकली. निदान हे दाखवून बोलायला तोंड मिळालं असतं, की बघ, तुझ्या आईनं निस्तरलं. पर्समधून त्यांनी ती पुन्हा बाहेर काढली आणि पान शोधलं. नुसतं बघायला. ‘वीस मीटरच्या आत नवीन बांधकामास वा जुन्याच्या दुरुस्तीस शक्यतो परवानगी देऊ नये.’ खाली कोपऱ्यात त्यांची आद्याक्षरं. बाईंनी चष्मा पुसला. मग बोट ठेवून वाचलं. शब्द बोटाखाली होता. त्यांनी तो तीनदा वाचला होता आणि तीनदा तो त्यांना दिसला नव्हता. रोजच्या उंबऱ्यावरून पाऊल जावं तशी नजर त्याच्यावरून गेली होती. त्यांनी टायपिस्टला हाक मारली. “मी हा खोडला होता,” त्या म्हणाल्या. टायपिस्टनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “हो की. अहो बाई, ते मी टाइप नाही केलेलं, ते आपोआप येतं. तुम्ही दर वेळी पेनानं घालायच्या, मला सगळं पान पुन्हा करायला लागायचं. म्हणून मी कधीच कम्प्युटरला शिकवून ठेवलंय. ‘परवानगी देऊ नये’ टाइप केलं की आधी ‘शक्यतो’ तोच घालतो.” तिच्या आवाजात थोडी लाज आणि थोडा अभिमान होता. “कधीपासून?” बाईंनी विचारलं. “झाली की सात-आठ वर्षं. बाकीच्या शाखांनाही दिलंय मी ते. सगळ्यांना सोयीचं पडतं.”

बाईंनी पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. आता तो त्यांना दिसायला लागला होता, दिसायचा थांबत नव्हता. शाळेपासून शंभर मीटरच्या आत ज्वालाग्राही द्रव्यांच्या साठ्यास शक्यतो परवानगी देऊ नये. पिण्याच्या पाण्याच्या तलावात सांडपाणी सोडण्यास शक्यतो परवानगी देऊ नये. रुग्णालयाच्या कचऱ्याची उघड्यावर विल्हेवाट लावण्यास शक्यतो परवानगी देऊ नये. हे त्यांनी लिहिलेलं नव्हतं. हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. एका खचलेल्या भिंतीसाठी त्यांनी जी फट ठेवली तिला आता हातपाय फुटले होते, आणि ती त्यांना न विचारता कागदोकागदी हिंडत होती. त्रेसष्टपर्यंत मोजून त्या थांबल्या. बाहेर कुणीतरी स्टूल सरकवलं तर त्या केवढ्यानं दचकल्या. कचेरी नेहमीसारखी चालली होती, शिक्के पडत होते, पंखे फिरत होते, आणि बाईंना एकाएकी वाटलं की या इमारतीत कुणीच काही ठरवत नाही, आपण सगळे फक्त आद्याक्षरं करतो. त्यांनी शुद्धिपत्रक लिहिलं, ‘नियम चौदा व इतरत्र जेथे जेथे येतो तेथे तेथे “शक्यतो” हा शब्द वगळावा,’ आणि कागद घेऊन साहेबांकडे गेल्या.

साहेबांनी तो वाचला. केस आता सगळे पांढरे. “शुद्धिपत्रक फक्त चुकीसाठी काढतात, बाई,” ते शांतपणे म्हणाले. “ही चूक आहे असं लिहायचं तर कधी झाली तेही लिहावं लागेल. बुधवारी झाली की दहा वर्षांपूर्वी? बुधवारी म्हणाल तर पानावर तुमची सही आहे. दहा वर्षांपूर्वी म्हणाल तर गेल्या दहा वर्षांतल्या सगळ्या परवानग्या उघडतील. तुमच्या भावाचीसुद्धा.” बाईंना वाटलं होतं की हे कुणालाच माहीत नाही. साहेबांनी कागद मोडून त्यांच्यापुढं सरकवला. आवाजात धमकी नव्हती, कळवळाच होता. “दोन महिन्यांनी निवृत्त होताय. सुखानं जा. पुढच्या आढाव्यात बघतील जे असतील ते.” पुढचा आढावा दहा वर्षांनी. चिऊ तेव्हा चौदा वर्षांची असेल, बाईंनी हिशेब केला, आणि मनातल्या ‘असेल’पाशी अडखळल्या. किती सहज येतं ते क्रियापद, पहिल्या प्रकरणातल्यासारखं.

जागेवर येऊन त्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेदोन. मुलं आता जेवून गाद्यांवर आडवी होत असतील. खिडकीबाहेर स्वच्छ ऊन होतं, पण टेकड्यांच्या बाजूला ढग होते की धूर ते कळत नव्हतं, आणि ओढा टेकड्यांतून येतो. बाईंनी ठरवलं. कायदा गेला खड्ड्यात, शहर गेलं, एक पोर तर काढता येईल तिथून. नोकरी सोड म्हणेन, मी सांभाळते म्हणेन, आजपासून रजा टाकेन. मामाची भिंत सांगेन, शिक्का सांगेन, सगळं सांगेन. सरळ सांगायचं, तोडून सांगायचं. लेकीला फोन लागेपर्यंत त्यांनी वाक्य मनात दोनदा बांधलं. ‘चिऊला त्या पाळणाघरात पाठवू नकोस.’ स्वच्छ, पुरं वाक्य.

“बोल आई, पटकन, मीटिंगमध्ये आहे.”

“हे बघ,” बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज लांबून ऐकू आला. “चिऊला उद्यापासून शक्यतो त्या पाळणाघरात पाठवू नकोस.”

“शक्यतो ना?” लेक म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. “बरं, बघते मग पुढच्या महिन्यात.”

“नाही, तसं नाही,” बाई म्हणाल्या, “ऐक,” पण फोन ठेवलेला होता. त्यांनी पुन्हा लावला, तो वाजत राहिला. चिऊला आणायला म्हणून त्या पर्स उचलून जिन्याकडे निघाल्या, तेव्हा टायपिस्टनं मागून विचारलं, “बाई, घाईघाईनं कुठं? परत येणार ना आज?” बाईंनी तोंड उघडलं, आणि जो शब्द जिभेवर आला तो कळताच दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.